उगवती, मावळती, ओढा, डोंगर

सीमाने चुन्याच्या डबड्यात बाभळीची काडी बुडवली आणि डोंगराकडच्या कोपऱ्यातल्या दगडावर मोठा D काढला. त्याचं पोट जरा जास्तच फुगलं. ओढणीच्या टोकाने तिने ते पुसून आवरतं केलं, दोन पावलं मागं सरून पाहिलं आणि एकटीच हसली. चार कोपरे, चार दगड, चार अक्षरं. पुस्तकातला चौकोन कसा नावानिशी उभा असतो, तसं आजाचं अख्खं वावर आज उभं होतं, आणि खालच्या वळणावर मोटारसायकलचा आवाज यायला लागला होता.

"आली रे, मोजणी आली," असं ओरडत पाड्यातली पोरंसोरं उताराने धावत सुटली. सीमाही धावली असती. पण आज ती पोरांत नव्हती, आज तिच्यावर जबाबदारी होती. तिने हाताचा चुना दगडाला पुसला आणि धावण्याच्या खालोखाल जेवढं भरभर चालता येतं, तेवढं भरभर ती खाली निघाली.

जबाबदारी अशी, की आज त्यांचं वावर मोजलं जाणार होतं. धनसिंग आजाने ते तरणा असताना फोडलं, त्यातले दगड वेचून बांध घातला, त्यावर घर पोसलं. पण नकाशात त्या जागी आजही नुसतं जंगल होतं. आता वनहक्काचा दावा लागला होता, आणि तालुक्याहून एक माणूस फोन घेऊन येणार होता. कोपऱ्यावर उभं राहायचं, बटण दाबायचं, दगडाचा फोटो काढायचा, की तो बिंदू फोनमध्ये जातो. सगळे बिंदू घेतले की फोन ते आपोआप जोडतो आणि वावर नकाशावर उमटतं. सीमाचा बाप दिलवरसिंग नवापूरला कोंबड्यांच्या शेडवर कामाला होता, त्याला सुट्टी मिळाली नव्हती. परवा संध्याकाळी फोनवर त्याने पोरीला एवढंच सांगितलं होतं की आजाला त्यातलं कळायचं नाही, आईला लाज वाटते, तेव्हा तूच उभी राहा आणि वावर पुरं मोजून घे. पुरं हा शब्द त्याने दोनदा म्हटला होता.

बापाने तरी योग्य माणूस निवडला होता. आश्रमशाळेतून सुट्टीला आल्यापासून सीमाला भूमितीने झपाटलं होतं. आठवीला रुपा मॅडम आल्या होत्या, पुरुषोत्तमनगरच्या. त्यांनी खडू हातात धरून सांगितलं होतं की ज्याला नाव देता येतं त्याच्याबद्दल बोलता येतं, आणि भूमितीत नाव देण्याला नियम असतात. तेव्हापासून सीमाला दिसेल त्याचं नाव ठेवल्यावाचून राहवत नव्हतं. घराचं आढं म्हणजे रेख AB, आणि ती रेख BA म्हटली तरी चालते, कारण तिला दोन्ही बाजूंनी टोक आहे. टॉर्चचा उजेड म्हणजे किरण, आणि किरणाचं नाव मात्र उलट घ्यायचं नाही, जिथून निघतो ते अक्षर पहिलं. भाकरी थापणाऱ्या आईला तिने एकदा विचारलं होतं, की बाबा नवापूरला जातात तो रस्ता रेख आहे की किरण. जसोदाबाईने तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाली, जातो तसा परत येतो ना, मग काय ते तूच समज. ते उत्तर सीमाला फार आवडलं होतं. आई शिकलेली असती तर मॅडम झाली असती, असं तिला मनापासून वाटलं.

आणि चौकोन. चौकोनाच्या बाबतीत रुपा मॅडम भलत्याच कडक होत्या. □ABCD म्हणायचं तर A वरून शेजारच्या B वर जायचं, तिथून शेजारच्या C वर. कडेकडेने चालायचं, मधून उडी मारायची नाही. जो उडी मारेल त्याला बाकावर उभं करीन. सीमाने वर्षभरात एकदाही उडी मारली नव्हती.

काल दुपारी ती चुन्याचं डबडं घेऊन आजाकडे गेली होती आणि कोपरे दाखव म्हणाली होती. आजा बांधावर उभा राहिला. आधी त्याने उगवतीच्या कोपऱ्याकडे हात केला, मग मावळतीच्या, मग ओढ्याकडच्या, शेवटी डोंगराकडच्या. दुसऱ्या कुठल्याही क्रमाने तो सांगूच शकत नव्हता. या घरात वावर सांगायचं ते असंच. पेरणीच्या दिवशी घरधनी मूठभर बी घेऊन उगवतीच्या कोपऱ्यातून मावळतीकडे चालत निघायचा आणि घरची बाई ओढ्याच्या कोपऱ्यातून डोंगराकडे. वाटेत दोघं भेटायचे, एकमेकांच्या हातात आपापले दाणे द्यायचे आणि पुढं जायचे, आणि त्यानंतरच औताला बैल जुंपले जायचे. कालीबाई आजी गेल्याला दोन पावसाळे झाले होते. आता आजा दोन्ही चाली एकटाच चालतो, मध्ये थांबतो आणि या मुठीतलं त्या मुठीत करतो, असं जसोदाबाई सांगायची. सीमाने ते पाहिलं नव्हतं. पेरणी होते तेव्हा शाळा सुरू झालेली असते.

तर आजाने बोट केलं आणि सीमाने अक्षर दिलं. उगवतीला A, मावळतीला B, ओढ्याला C, डोंगराला D. पहिलं अक्षर सूर्याला मिळालं म्हणून आजाही खूश झाला होता.

मोटारसायकलवरून उतरला तो ईश्वर पाटील, लोणखेड्याचा. तिशीचा, घामाने शर्ट पाठीला चिकटलेला, स्वभावाने मोकळा. सकाळपासून खालच्या पाड्यात मोजण्या करून आला होता आणि संध्याकाळच्या आत त्याला घाट ओलांडून पलीकडे जायचं होतं. माठातलं पाणी घटाघटा पिऊन त्याने आधी फोनची बॅटरी पाहिली आणि चेहरा वाकडा केला. या पाड्यात वीज यायची तेव्हा यायची. आज ती आली नव्हती.

महूच्या झाडाखाली बसून त्याला आधीच्या दाव्याचं काम उरकायचं होतं, तेवढ्यात कोपऱ्यांचे बिंदू कोण घेईल असं त्याने विचारलं. पाड्यातला पवन पुढं झाला. वनहक्क समितीत तोच सगळ्यांत तरणा होता. पण सीमाने हात आधीच पुढं केला होता.

ईश्वरने तिच्याकडे पाहिलं, चुन्याने पांढरी झालेली बोटं पाहिली.

"तूच करशी का?"

"दगडांवर नावं घातलीत मी," सीमा शाळेच्या मराठीत म्हणाली. "A पासून D पर्यंत. त्याच क्रमाने घेते."

ईश्वरला ते फार पसंत पडलं. सकाळपासून त्याला कोणी कोपरा म्हणून आंबा दाखवला होता, कोणी म्हसोबा, कोणी नुसतंच "तिकडं". इथं तर अक्षरं घातलेली. त्याने बटण कुठलं ते दाखवलं आणि फोन तिच्या हातात दिला. तो फोन हातात घेताना, बाबांनी आत्ता पाहायला हवं होतं असं सीमाला वाटलं.

आजा पुढं आणि ती मागं, असे दोघं निघाले. पवन आणि पोरांची फौज पाठोपाठ होतीच. वैशाखात रान मोकळं होतं, ढेकळांवरून कुठूनही कुठंही चालता येत होतं. उगवतीच्या दगडाजवळ आजाने आधी वाकून माती कपाळाला लावली. सीमाने बटण दाबलं, A चा फोटो काढला. फोनमध्ये एक निळा ठिपका उमटला. पोरांनी ओरडून रान डोक्यावर घेतलं.

मग आजा मावळतीकडे चालू लागला. सरळ, वावराच्या मधून, काठी टेकत. सीमाची घाई आणि त्याची चाल यांचा काही मेळ नव्हता. त्यातून मधोमध पोचल्यावर तो थांबलाच. नुसता उभा राहिला. आजूबाजूला काही नव्हतं, ना झाड ना दगड, चारही बाजूंना सारखीच ढेकळं. सीमाने तिथं पाहिलं, मग फोनच्या कोपऱ्यात उतरत चाललेल्या बॅटरीकडे पाहिलं.

"आजा, चल ना. ते संपेल."

आजा चालू लागला. मावळतीचा B झाला. तिथून ते बांधाने ओढ्याकडे उतरले, C झाला. आणि ओढ्याकडून डोंगराकडे चढताना, पुन्हा त्याच जागी, पुन्हा आजा थांबला. या वेळी त्याने उजवी मूठ डाव्या हातावर धरली आणि उघडली. मुठीत काहीच नव्हतं. सीमाने त्याच्या कोपराला हात लावून त्याला हळूच पुढं ढकललं. D झाला. शेवटचं बटण दाबून ती उताराने धावत सुटली, ती थेट महूखाली येऊन थांबली आणि धापा टाकत फोन ईश्वरच्या पुढं धरला.

ईश्वरने फोनवर बोट फिरवलं. मग फोन जवळ नेला, मग लांब धरला. आणि तोंडातून घरची अहिराणीच बाहेर पडली.

"हाई काय व्हयनं? वावर शे का डमरू?"

सगळ्यांनी डोकी घातली. पडद्यावर दोन त्रिकोण होते, टोकाला टोक लावून उभे. दोन रेघा एकमेकींवरून गेलेल्या, आणि जिथं त्या गेल्या तिथं एक गाठ. खाली क्षेत्राचा आकडा होता, तो तर पाहवत नव्हता. खळ्याला पुरेल एवढीही जागा त्या आकड्यात मावत नव्हती. आजाचं इथून तिथवर पसरलेलं वावर फोनने गिळून टाकलं होतं. पोरांना डमरू फार आवडला, ती तोंडाने वाजवायला लागली.

सीमाने तो आकडा पुन्हा वाचला. पुरं मोजून घे, बाबा दोनदा म्हणाले होते.

ईश्वरला वाटलं फोन तापलाय. त्याने तो झाडाच्या बुंध्याला सावलीत टेकवला, पुन्हा पाहिलं. डमरू तसाच. तो म्हणाला, ऊन उतरल्यावर कधीकधी येतं नीट, पण ऊन उतरेपर्यंत मी पलीकडं पोचायला पाहिजे. पुढच्या फेरीला घेऊ. पुढची फेरी कधी, असं जसोदाबाईने दारातूनच विचारलं. ते त्यालाही माहीत नव्हतं, आणि तो खोटं बोलणारा माणूस नव्हता, म्हणून माहीत नाही म्हणाला.

पवनला मात्र कारण सापडलं होतं.

"म्हाताऱ्याने भलतीकडून फिरवलं सगळ्यांना," तो हसत म्हणाला. "मी मागं होतो ना. आडवं काय, उभं काय, वावरातून नांगरटच काढली त्याने."

चारदोन जण हसले. त्यात वाईट हेतू कुणाचाच नव्हता. आजा झाडाच्या मुळीवर बसला होता. एवढ्या हशात तो एकटाच त्या पडद्याकडे टक लावून पाहत होता, जसं काही त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. मग त्याने पागोटं सारखं केलं.

"माझंच चुकलं असेल," तो घरच्या पावरी बोलीत म्हणाला. "मला असंच सांगता येतं."

ते ऐकलं आणि सीमाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कारण डमरू कुठून आला ते तिला एका क्षणात, अगदी लख्ख, कळलं होतं. मॅडमचा खडू तिच्या डोळ्यांसमोर फळ्यावर फिरत होता. A वरून शेजारच्या B वर. आणि तिचा B कुठं होता? समोर, थेट पलीकडे. तिने उडी मारली होती. वर्षभर वर्गातल्या सगळ्यांच्या चुका काढणाऱ्या सीमाने, चुन्याने, दगडावर, सगळ्या पाड्यासमोर उडी मारली होती. बोलायला जावं तर कबूल करावं लागणार होतं. न बोलावं तर फोन बिघडला किंवा म्हातारा चुकला, दोन्ही सोयीचं होतं. फक्त वावर जाणार होतं.

"आजा चुकला नाही," ती म्हणाली. आवाज एवढा मोठा निघेल असं तिलाही वाटलं नव्हतं. "अक्षरं मी चुकवलीत."

सगळे तिच्याकडे बघायला लागले. तिचे कान तापले. पण आता थांबण्यात अर्थ नव्हता. तिने चप्पल काढली आणि पायाच्या अंगठ्याने धुळीत चार ठिपके काढले.

"हे बघा. ही उगवती, A. ही मावळती, तिला मी B दिलं. फोनला वाटलं A आणि B शेजारी आहेत, म्हणून त्याने इथून इथं रेघ मारली. मधून. मग ओढा. मग ओढ्यावरून पुन्हा मधून डोंगराला. झाला डमरू. फोन बरोबर आहे. मी सांगितलं तेवढंच त्याने केलं."

आणि तिथंच, अंगठ्याने ती दुसरी आडवी रेघ ओढता ओढता ती थबकली. तिला काहीतरी दिसलं होतं. उगवती ते मावळती. ओढा ते डोंगर. समोरासमोरचे कोपरे जोडणाऱ्या रेखा. पुस्तकात त्यांना नाव होतं. तिच्या अंगावर सर्रकन काटा आला, आणि तो लाजेचा नव्हता.

"आजाने कडा सांगितल्याच नव्हत्या," ती म्हणाली, आणि बोलता बोलता हसायलाच लागली. "आजाने कर्ण सांगितले! चौकोनाचे दोन कर्ण. आमच्या घरात वावर कर्णांनी सांगतात. अक्षरं नीट दिली असती तर आधी AC, मग BD. मला ऐकता आलं नाही."

पवनला कर्ण काही आठवत नव्हते. ईश्वरला मात्र आठवत होते. त्याने धुळीतल्या आकृतीकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला. मग उठून उभाच राहिला.

"आते काय करशी? बॅटरी लाल व्हई गयी."

करायचं काय ते उघड होतं. उगवतीचा A तसाच राहील. मावळतीचा B पुसून तिथं C. ओढ्याच्या C चा B. डोंगर होता तिथंच. दगडांचे फोटो नव्याने लागणार, म्हणून अक्षरंही दगडावर बदलायला हवीत. मग कडेकडेने चालायचं. सीमाने आजाजवळ उकिडवं बसून त्याला पावरीत समजावलं, की तुझा क्रम कुणी मोडणार नाही, तू सांगतोस तसंच राहील, उगवती पहिली, मग मावळती, मग ओढा, मग डोंगर. फक्त अक्षरं A, C, B, D अशी पडतील.

"पहिलं नाव उगवतीचं ना?" आजाने विचारलं.

"तिचंच."

"मग कर." आणि थोडं थांबून तो म्हणाला, "पण मी कडेने येत नाही. कडेने गुरं जातात."

सीमाने डबडं उचललं आणि धूम ठोकली. चुना तळाला थोडाच उरला होता. मावळतीच्या दगडावर पोचून तिने B वर ओल्या चुन्याचा हात फिरवला, दगडाने खरवडला, वर C गिरवला. तो काही देखणा झाला नाही. रुपा मॅडमनी वहीत असला C खपवून घेतला नसता. तिथून ओढ्याकडे उतरताना ती ढेकळाला अडखळून पडली, गुडघा फुटला, डबडं मात्र हातातून सुटू दिलं नाही. ओढ्याच्या दगडावर चुना पुरेना, तेव्हा तिने काठावरचा ओला चिखल बोटाने जुन्या C वर थापला आणि उरलेल्या पांढऱ्यात B काढला. पाड्यातली पोरं तिच्या मागं धावत होती आणि काय चाललंय ते न कळता A B C D ओरडत होती.

इकडे ईश्वर स्वतः फोन घेऊन उगवतीला उभा होता. आजाही त्याच्यासोबत तिथवर गेला होता. A झाला, आणि तिथून ईश्वर बांधाने निघाला. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात तो जाडजूड गडी पळत होता आणि मध्ये मध्ये फोनवर हाताची सावली धरत होता. ओढ्यापाशी सीमाने त्याला B दाखवला. पुढं पवन त्याच्याबरोबर धावला, कारण आता पवनलाही राहवेना. C. मग चढ. D ला ईश्वरचा दम एवढा लागला की बटण त्याच्याऐवजी पवननेच दाबलं.

सीमा ओढ्याच्या कोपऱ्यात, B पाशीच थांबली होती. गुडघ्यातून रक्त येत होतं. वर, डोंगराच्या कोपऱ्यात, दोन डोकी फोनवर वाकलेली दिसत होती.  तिने मुठी आवळून धरल्या.

मग ईश्वरचा आवाज आला, सगळ्या खोऱ्याला ऐकू जाईल असा.

"उनं! बठ्ठं वावर उनं!"

पोरांनी एकच गलका केला. दारातून जसोदाबाई धावत आली, पदर सावरायचंही तिला भान नव्हतं. पवनने शिट्टी घातली. सीमा तिथंच, दगडावर, मटकन बसली आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. आलं. पुरं आलं. बाबांना काय सांगायचं ते शब्द तिच्या डोक्यात आधीच जुळायला लागले.

ईश्वर डोंगराच्या कोपऱ्यातून उतरून बांधाने उगवतीला गेला, आजाला नकाशा दाखवायला. परतताना ओढ्याशी येऊन त्याने सीमालाही दाखवला. डमरू गेला होता. चार ठिपके, चार कडा, आत सगळी मोकळी जागा, आणि खाली भरघोस आकडा. कडेला नीट छापल्यासारखं ABCD. ईश्वर म्हणाला, काम जतन झालंय, आता फोन मेला तरी हरकत नाही. मग हसून म्हणाला, तुझ्या आजाला काही एवढं आवडलेलं दिसत नाही.

"का? काय म्हणाला?"

"मधली गाठ कुठं गेली, म्हणे. मी सांगितलं, ती चूक होती, पुसली. नुसती मान हलवली."

ईश्वर अंगठ्यांची शाई काढायला महूखाली गेला. सीमा उगवतीकडे पाहत राहिली. A च्या दगडाजवळ आजा एकटा उभा होता. सगळे जण आता झाडाखाली जमले होते, तिकडून हशाचा आवाज येत होता, आणि आजा तिकडे जात नव्हता. त्याने पागोट्याच्या पिळात बोटं घातली, काहीतरी काढून मुठीत घेतलं. मग काठी टेकत तो चालू लागला. बांधाने नाही. सरळ, मावळतीकडे.

सीमाला मधली गाठ आठवली. धुळीत तिच्याच अंगठ्याने काढलेली, दोन कर्ण एकमेकांना भेटतात ती. तो कुठं थांबणार हे तिला आत्ताच, इथूनच, दिसत होतं. आज दोनदा तिने त्याला तिथून घाईने पुढं काढलं होतं. एकदा तर ढकललंच होतं.

ती उठली. तिच्या पाठीशी ओढा होता, समोर वर डोंगराचा D. फुटलेला गुडघा ठणकत होता. ती चालू लागली, धावली नाही. तिला धावावंसं वाटत होतं, पण आजाच्या पावलाला पाऊल मिळालं पाहिजे, लवकर पोचून चालणार नाही, हे तिला कुणी न सांगता कळलं. झाडाखालच्या घोळक्यातून जसोदाबाई पुढं आली. तिने हात कपाळाशी धरून वावराकडे पाहिलं.

दोघं मधोमध एकाच वेळी पोचले. आजा थांबला, तीही थांबली. जवळून पाहिलं तर त्याचा चेहरा घामाने निथळत होता आणि डोळे, तिने आजवर पाहिले नव्हते असे, चमकत होते. ठाऊक होतं तेच ती बोलली.

"दोन रेषा जिथं छेदतात ना आजा, त्या बिंदूला पण नाव द्यावं लागतं. नकाशात राहून गेलं ते."

आजाने खाली ढेकळांकडे पाहिलं.

"नाव आहे," तो म्हणाला. "मी घेत नाही एवढंच."

सीमाने दोन्ही हातांची ओंजळ केली. हातांवर चुना वाळला होता आणि त्यावर ओढ्याचा चिखल. आजाने त्यावर मूठ धरली आणि उघडली. मक्याचे दाणे होते, गेल्या वर्षाचे, बियाण्याला ठेवलेले. त्याने मूठ झटकून पाहिली, एकही मागं उरला नव्हता. मग त्याने आपला हात तिच्यापुढे पसरून धरला आणि वाट पाहत उभा राहिला.

तिने त्यातले अर्धे दाणे त्याच्या तळव्यावर ठेवले. महूखालून ईश्वर अंगठा द्यायला हाका मारत होता. आजा मावळतीकडे निघाला, आणि सीमा डोंगराकडे.